नाव ठेवणे, नाव लावणे

'नाव' या दोन अक्षरांच्या शब्दाभोवती मराठी भाषेने क्रियापदांचा जो गोतावळा जमविला आहे, तो नीट न्याहाळला तर आपल्या पूर्वजांचा नामविचार त्यातच सूत्ररूपाने सापडतो. बाराव्या दिवशी पाळण्यातल्या मुलाचे नाव ठेवतात. नवी सून उखाण्यात पतीचे नाव घेते. कर्तबगार मुलगा घराण्याचे नाव काढतो, आणि कुलदीपकाच्या जागी कुलांगार निपजला तर तो तेच नाव घालवितो. आडनावासाठी मात्र भाषेने निराळे क्रियापद योजले आहे. आडनाव आपण 'लावतो'. 'मूळचे जोशी, पण चासकर लावतात,' असे वाक्य पुण्यातल्या कोणत्याही जुन्या वाड्याच्या ओसरीवर सहज कानी पडावे. आणि वडिलांच्या पश्चात जमिनीच्या उताऱ्यावर वारसाची नोंद होते तेव्हाही त्याने 'नाव लावले' असेच म्हणतात. जे लावले जाते ते मुळात अंगचे नसते. ते केव्हातरी, कोणीतरी, काही कारणाने लावलेले असते. आडनाव ऐकताच माणसाची जात, कूळ आणि योग्यता ताडण्याची जी खोड आपल्या समाजाला जडली आहे, तिला हे एक क्रियापदच पुरेसे उत्तर आहे असे मला वाटते. आणि ते उत्तर इतिहासाच्या कागदांनीही कसे खरे ठरते, हे पुणे शहराच्या निमित्ताने पाहण्याचा येथे विचार आहे.

त्यासाठी पुण्याइतके सोयीचे गाव दुसरे नाही. येथील पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात गाठ मारून बांधलेला कागदांचा गठ्ठा. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या सागरातून वेचे काढून १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड प्रसिद्ध केले, तरी ते वेचेच. असा एखादा रुमाल सोडून वतनाच्या तंट्यातील महजर किंवा निवाडपत्र वाचू लागावे, म्हणजे प्रथम जाणवते ते हे की, आज आपण ज्याला आडनाव म्हणतो त्याची त्या लिहिणाऱ्या कारकुनाला फारशी गरजच वाटत नसे. त्याला माणूस ओळखावयाचा असे तो त्याच्या नावाने, बापाच्या नावाने, गावाने आणि वतनाने. 'अमका बिन तमका, पाटील, मौजे अमुक, तर्फ तमुक, प्रांत पुणे' एवढे लिहिले की साक्षीदाराची ओळख पुरी झाली. यातील 'बिन' हा अरबीतून आलेला 'पुत्र' या अर्थाचा शब्द खेड्यापाड्यांतील कागदांत इतका रुळला होता की तो परका आहे याची कुणाला आठवणही नसावी. स्त्रीचा उल्लेख आला तर 'कोम' किंवा 'भ्रतार' असा शब्द घालून पुढे पतीचे नाव येई. थोरामोठ्यांचीही हीच रीत होती. पहिले पेशवे इतिहासाला बाळाजी विश्वनाथ म्हणून ठाऊक आहेत. नाना फडणीसांचे कागदोपत्री नाव बाळाजी जनार्दन. बापाचे नाव हेच पुरेसे उपपद होते.

आता याच दोन पुरुषांची आडनावे पाहावी. बाळाजी विश्वनाथ हे श्रीवर्धनचे भट. १७१३ साली शाहू महाराजांनी त्यांना पेशवेपद दिले, ते पद पुढे त्यांच्या वंशात स्थिरावले, आणि भट हे आडनाव मागे पडून हुद्दा हेच घराण्याचे नाव झाले. त्यांच्याबरोबर कोकणातून वर आलेले बाळाजी महादेव हे वेळासचे भानू. त्यांच्या घराण्याकडे फडणिशी आली आणि भानूंचे फडणीस झाले. 'फडणीस' हा शब्द फारसी 'फर्दनवीस' याचे मराठी वळण होय. फर्द म्हणजे हिशेबाचा कागद, आणि नवीस म्हणजे लिहिणारा. हा 'नवीस' मराठी जिभेवर घासून 'नीस' झाला आणि त्याने आपल्याला आडनावांचे एक मोठे कुटुंबच बहाल केले: चिठ्ठ्यापत्रे लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा तो पोतनीस, कारखान्यांचा जमाखर्च पाहणारा तो कारखानीस, घोड्यांच्या पागेची नोंद ठेवणारा तो पागनीस. त्याला जोडूनच 'दार' या प्रत्ययाचे दुसरे कुटुंब: मुजुमदार, पोतदार, दफ्तरदार, जामदार, किल्लेदार, सुभेदार, इनामदार. पुण्यातील एखाद्या शाळेचा हजेरीपट मोठ्याने वाचावा, म्हणजे शिवकालीन आणि पेशवेकालीन राज्ययंत्राची सारी खाती आपापल्या जागी हजर असल्याचा भास होतो.

या प्रकरणातील एक गोष्ट मला विशेष अर्थपूर्ण वाटते. १६७४ साली शिवाजी महाराजांनी राज्याभिषेक करून घेतला तेव्हा कारभाराची भाषा फारसीच्या वर्चस्वातून सोडविण्याचा बुद्धिपुरस्सर प्रयत्न झाला. रघुनाथपंडिताच्या नावाने ओळखला जाणारा राज्यव्यवहारकोश त्याच प्रेरणेतून सिद्ध झाला. अष्टप्रधानांची नावे बदलली: पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनिसाचा मंत्री, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत आणि सरनोबताचा सेनापती. आता आजची परिस्थिती पाहा. पेशवे, मुजुमदार, वाकनीस, सुरनीस, डबीर, सरनोबत ही सहाही नावे आडनावे म्हणून जिवंत आहेत. अमात्य, सचिव ही संस्कृत पदे प्रामुख्याने बावडा आणि भोर येथील संस्थानिकांच्या पदव्यांत राहिली. राजाने शब्द बदलला तो दरबारापुरता; आळीतल्या शेजाऱ्याने हाक मारली ती जुन्याच शब्दाने, आणि आडनाव ठरते ते शेजाऱ्याच्या हाकेने. भाषाशुद्धीचा तो यत्न थोरच होता, परंतु नावांच्या प्रांतात लोकांच्या जिभेचा हुकूम राजाच्या हुकमापेक्षा वरचढ ठरतो.

शेजाऱ्याच्या हाकेने आडनाव कसे घडते याचे उदाहरण पाहावयास शनिवारवाड्यापासून फार दूर जावयास नको. मंडईच्या शेजारी तुळशीबागेत रोज हजारो लोक खरेदीसाठी येतात. तेथील राममंदिराच्या उभारणीस १७६१ च्या सुमारास ज्यांनी हात घातला ते नारो आप्पाजी, पुण्याचे सुभेदार, मूळचे खिरे. पूर्वी तेथे खासगीवाल्यांची बाग होती, म्हणजे जे घराणे पेशव्यांचे 'खासगी' खाते सांभाळी आणि म्हणूनच खासगीवाले म्हणविले जाई, त्या घराण्याची. त्या बागेत मंदिर उभे राहिले, आणि मंदिर उभारणारे खिरे हे पुण्याला तुळशीबागवाले म्हणून ठाऊक झाले. बाग गेली, तुळशी गेल्या, सुभेदारी गेली. आडनावात मात्र ती बाग अजून हिरवी आहे. वाईचे रास्ते हे मूळचे गोखले, आणि त्यांच्या नावाने पुढे पुण्यात एक पेठच वसली. लोकमान्यांनी ज्या विंचूरकर वाड्यात राहून केसरीचे लेखन केले त्या विंचूरकरांचे मूळ पुरुष विठ्ठल शिवदेव हे दाणी. विंचूरची जहागीर मिळाली म्हणून ते विंचूरकर. पहिल्या बाजीरावाची पत्नी काशीबाई ही चासच्या जोशांची लेक. ते जोशी चासकर म्हणूनच ओळखले जात. घराणी एकमेकांत मिसळलेली, आणि आडनावे मात्र प्रत्येकाने आपापल्या कर्तृत्वाच्या खुंटीवर टांगलेली, असे हे दृश्य आहे.

'कर' या प्रत्ययाविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण मराठी आडनावांचा तो सर्वांत ओळखीचा चेहरा आहे. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणण्याचे कुणालाच कारण नसते. तेथे सारेच चिपळूणकर. तो घाट चढून पुण्यास येतो, बोळातल्या लोकांना त्याचे नाव नीटसे ठाऊक नसते, आणि मग तो 'चिपळूणकडचा' ठरतो. गाव सुटते तेव्हाच ते नावाला चिकटते. बहुतेक प्रत्येक 'कर' हा म्हणून एका स्थलांतराचा दाखला आहे. त्या आडनावाच्या मागे कोठेतरी पाठीमागे टाकलेले एक घर, एक विहीर, एक ग्रामदैवत उभे असते. मल्हारराव होळकरांच्या नावात नीरेकाठचे होळ हे खेडे इंदूरच्या राजवाड्यापर्यंत गेले. मास्टर दीनानाथांनी गोव्यातील मंगेशीच्या देवळाचे सान्निध्य नावात गुंफून मंगेशकर हे आडनाव घेतले, आणि ते कंठांच्या मार्गाने जगभर पोचले. कोकणपट्टीत शेकडो वर्षे राहिलेले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना 'शनवार तेली' म्हणत, ते बेने इस्राएल लोकही पेणकर, रोहेकर, किहीमकर अशीच आडनावे लावतात. त्यांतील कित्येक कुटुंबे पुढे पुण्यात रास्ता पेठेत येऊन राहिली आणि तेथे त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. धर्म निराळा, पूर्वज निराळे, परंतु घर सोडून आलेल्याला गावाच्या नावाने हाक मारावी हा मराठी शिष्टाचार सर्वांना सारखाच लागू पडला.

धंद्याच्या आडनावाचे सर्वांत सुंदर उदाहरणही पुण्याचेच. सातारा जिल्ह्यातील कटगुण गावचे गोऱ्हे घराणे पोटामागे पुण्यास आले. पेशव्यांकडे फुले पुरविण्याचे काम त्यांना मिळाले. त्यावरून ते फुले झाले. त्या घरात १८२७ साली जन्मलेल्या मुलाचे नाव जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मला म्हणून जोती ठेवले. गोविंदराव हा बाप, फुले हा धंदा, जोतिबा हा देव, असा सारा घरगुती वृत्तांत ज्या नावात सामावला होता, ते जोतीराव गोविंदराव फुले हे नाव पुढे एका युगाचे नाव झाले. याच संदर्भात आणखी एका हजेरीपटाची आठवण होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव 'भिवा रामजी आंबेडकर' असे दाखल झाले. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगडजवळचे आंबडवे. गावाच्या नावावरून निघालेले आडनाव माणसाची जात सांगत नाही, केवळ तो कोठून आला एवढेच सांगते. ज्या समाजात हाक मारण्याच्या पद्धतीतच अपमान भरलेला होता, त्या समाजात या मौनाची किंमत किती मोठी होती, हे वेगळे सांगावयास नको. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, ही शाळेच्या एका नोंदीची थोरवी.

आयर्लंड हा देश पुणेकरांना एके काळी फार जवळचा वाटे. १९१६ साली लोकमान्यांनी बेळगावी जी होमरूल लीग स्थापन केली, तिचे नावच तेथील चळवळीवरून आलेले होते. त्या देशाच्या आडनावांशी आपल्या आडनावांची तुलना केली असता बोध होतो तो असा. आयरिश आडनावाच्या आरंभी येणारा 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज, आणि 'मॅक' म्हणजे पुत्र. १०१४ साली क्लोंटार्फच्या रणात पडलेल्या ब्रायन बोरू या राजाच्या वंशजांनी 'ओब्रायन' हे नाव धारण केले. आपल्याकडील जाधवांनी देवगिरीच्या यादवांशी, मोऱ्यांनी मौर्यांशी, शेलारांनी शिलाहारांशी आपले नाते सांगावे, तशीच ही वृत्ती. तेथेही लोहाराच्या मुलाचे मॅकगोवन झाले, वैद्याच्या वंशजांचे हिकी झाले. परंतु १४६५ साली इंग्रजी सत्तेने डब्लिनभोवतालच्या चार परगण्यांतील आयरिश प्रजेला कायद्याने फर्मावले की, प्रत्येकाने गाव, रंग, कसब किंवा हुद्दा यांपैकी कशावरून तरी एक इंग्रजी आडनाव घ्यावे, न घेईल त्याची मालमत्ता दरसाल जप्त व्हावी. गाव, रंग, कसब आणि हुद्दा! आपली चिपळूणकर, काळे, सुतार आणि चिटणीस ही चार आडनावे याच चार वर्गांत बसतात. मात्र आपल्याकडे ती कुणाच्या धाकाने आली नाहीत, ओसरीवर आणि चावडीवर आपसूक रुजली. आयरिश लोकांनी परकीय अमलात टाकलेला 'ओ' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, भाषाभिमानाच्या लाटेवर, पुन्हा लावावयास प्रारंभ केला. पूर्वजांचे नाव पुन्हा लावणे हाही त्यांच्या स्वराज्याचाच एक भाग होता.

आपल्याकडे आडनाव सक्तीने घ्यावे लागले नाही, तरी ते गोठविले गेले हे खरे. १८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतर इनामांची चौकशी, जमिनीची मोजणी, कोर्टकज्जे, शाळांचे दाखले आणि खानेसुमारी यांनी प्रत्येक माणसाला एका ठरावीक चौकटीत बसविले. त्यापूर्वी तीन पिढ्यांत तीन आडनावे झाली तरी कुणाचे अडत नसे. आता ज्या क्षणी जे लावलेले होते तेच पिढ्यान्‌पिढ्यांचे झाले. वाहते पाणी थिजून बर्फ व्हावे, आणि पुढे लोकांनी त्या बर्फालाच नदीचे मूळ रूप समजावे, तसा हा प्रकार झाला. याची साक्ष 'कुलकर्णी' या आडनावाइतकी दुसरे कोणी देणार नाही. कुळकर्ण म्हणजे गावच्या जमिनीचा आणि वसुलाचा हिशेब. ज्या ज्या गावी हे वतन होते त्या त्या गावी एक घराणे कुलकर्णी झाले. म्हणून हजारो कुलकर्ण्यांचे परस्परांशी रक्ताचे काही नाते नाही, गोत्र निराळे, पोटजात निराळी, कुलदैवत निराळे. पाटील आणि देशमुख यांची तर जातच काय, धर्मही एक नाही. मुसलमानांतही ही आडनावे जुनी आणि प्रतिष्ठेची आहेत. एका आडनावाखाली अनेक कुळे आणि एका कुळातून अनेक आडनावे, असा हा दुहेरी गुंता आहे. खुद्द पुण्याच्या कसब्यात पाटिलकी झांबऱ्यांची, देशमुखी शितोळ्यांची आणि देशपांडेपण होनपांचे; त्यांनी वतनाबरोबर आपले मूळ नावही टिकविले, इतरांचे मूळ नाव वतनाने गिळले, एवढाच फरक. पुढे १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने नष्ट झाली, १९६२ च्या कायद्याने महसुली पाटिलकीही संपली. ज्या अधिकाराने हे नाव दिले तो अधिकार कायद्याने रद्द केला. नाव रद्द करण्याचे कलम कोणी घातले नाही, आणि घालणे शक्यही नव्हते.

येथवर 'लावलेल्या' नावांचा विचार झाला. 'ठेवलेल्या' नावांचे जग याहून कोवळे. बारशाच्या दिवशी पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहतात, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हणत बाळाला पाळण्याखालून एकीच्या हातून दुसरीच्या हातात देतात, आणि मग आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते. सांगते न सांगते तोच तिच्या पाठीत चारदोन बुक्के बसतात आणि घुगऱ्यांचे वाटे सुरू होतात. त्या नावात बहुधा आजोबा परत येत. पेशव्यांच्या घरी बाजीरावाचे पाळण्यातले नाव विसाजी, कारण आजोबा विश्वनाथ. आणि त्याच्या मुलाचे नाव पुन्हा बाळाजी. नाना फडणीसांचे बाळाजी हे नावही आजोबांचेच. परंतु जी आजी पतीचे नाव उखाण्यावाचून उच्चारत नाही, ती नातवाला त्या नावाने हाक कशी मारणार? म्हणून मराठी घरांत दुहेरी नावे नांदली: पत्रिकेत आणि कागदांत एक, माजघरात दुसरे. नाना, तात्या, बापू, भाऊ, अण्णा, अप्पा, दादा ही सारी माजघरातली नावे; त्यांतली कित्येक इतकी प्रबळ झाली की त्यांनी पत्रिकेतले नाव पुसून टाकले. लोकमान्यांचे ठेवलेले नाव केशव, हाक मारावयाचे बाळ. जगाने लक्षात ठेवले ते बाळ.

नावात प्रेम असते तशी भीतीही असते. ज्या घरात मुले जगत नसत त्या घरात नव्या बाळाला दगडू, धोंडू, केरबा, उकिर्डा अशी नावे ठेवीत. मृत्यूची आणि दुष्ट दृष्टीची समजूत पटावी की हा तर केरातला तुकडा, वाटेवरचा धोंडा, याच्याकडे पाहण्याजोगे काही नाही, एवढाच त्या आईचा हेतू. वैद्यकाने जेथे हात टेकले होते तेथे तिने एका शब्दाचा आडोसा उभा केला. या नावांना आज कोणी हसू नये. धोंडो हे नाव लावणारा एक पुरुष एकशेचार वर्षे जगला आणि महर्षी झाला. दगडू हे नाव धारण करणाऱ्या एका हलवायाच्या गणपतीपुढे सारे पुणे हात जोडते. मात्र याच चालीची एक काळी बाजूही आहे. साताऱ्याकडे मुलीवर मुलगी झाली की तिचे नाव 'नकुसा' ठेवीत, म्हणजे नको असलेली. धोंडूच्या नावामागे त्याला जगविण्याची धडपड होती. नकुसाच्या नावामागे ती जगली याची खंत होती. २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा जिल्ह्यातील अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक पुन्हा नामकरण झाले. काहींनी आपले नवे नाव आपणच निवडले. जन्मानंतर कित्येक वर्षांनी झालेले ते बारसे ज्याच्या मनाला भिडणार नाही त्याला नावाची शक्ती कधीच कळावयाची नाही.

आणि येथे मला त्या नावांविषयी लिहिले पाहिजे, ज्यांचा रुमाल कोणत्याच दफ्तरात नाही. लग्नघरी गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात. नवरामुलगा सोन्याच्या अंगठीने त्या तांदळांत वधूचे नवे नाव रेखतो. ते मोठ्याने वाचले जाते, साखर वाटतात, आणि ताट उचलले की तांदूळ हलतात आणि अक्षरे विसकटतात. त्या क्षणी बारा-पंधरा वर्षांची एक व्यक्ती तिच्या माहेरच्या नावासह कागदोपत्री संपत असे. माधव म्हणजे विष्णू, रमा म्हणजे लक्ष्मी, ही जोडी जुळावी म्हणून माधवराव पेशव्यांची पत्नी रमाबाई, आणि शंभर वर्षांनी न्यायमूर्ती माधव गोविंद रानडे यांची पत्नीही रमाबाई. १८७३ साली रानड्यांच्या घरात आलेल्या या रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. गोपाळराव जोशांशी लग्न झाल्यावर जिचे आनंदी झाले, जिने १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळविली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात जिचा अंत झाला, तिचेही माहेरचे नाव यमुना. दोन यमुना, दोघीही इतिहासात अमर. पण ज्या नावाने त्यांना त्यांच्या आयांनी हाक मारली ते नाव चरित्राच्या पहिल्या पानापुरते उरले. १८९३ साली महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह करण्याचे धैर्य दाखविणाऱ्या गोदूबाईंचेही आनंदीबाई झाले. नद्यांची नावे घेऊन या मुली माहेराहून निघत, आणि नदी जशी संगमानंतर आपले नाव सोडते तशी त्या आपले नाव सोडीत, असे काव्य पुष्कळांनी त्यात पाहिले असेल. मला त्यात पुसलेली नोंद दिसते. आयरिश भाषेत 'ओ' आणि 'मॅक' यांना मुलीसाठी निराळे रूप आहे आणि पत्नीसाठी निराळे. व्याकरणाने का होईना, तेथे ती मुलगी होती हे नाव विसरत नाही.

पुरुषाच्या नावात गाव, हुद्दा, कसब, जहागीर, सारे काही नोंदविणाऱ्या या समाजाने आईचे नाव नोंदविण्याची जागा मात्र कोठेच ठेवली नव्हती. ती जागा आता झाली आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने असा निर्णय घेतला की, १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत प्रथम मुलाचे नाव, त्यानंतर आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम राहील. आडनाव हे रक्ताने येते अशी ज्यांची श्रद्धा असेल त्यांना हा बदल परंपरेचा भंग वाटण्याचा संभव आहे. परंतु भटांचे पेशवे, भानूंचे फडणीस, खिऱ्यांचे तुळशीबागवाले, गोऱ्ह्यांचे फुले आणि सकपाळांचे आंबेडकर झालेले ज्याने पाहिले आहे, त्याला ठाऊक असते की कालमानानुसार नाव नव्याने लावणे हीच आपली खरी परंपरा आहे. 'बिन' या एका शब्दाने बाप सांगणाऱ्या त्या मोडी कागदाच्या ओळीत आता आणखी एका शब्दाची भर पडली, एवढेच झाले आहे.

परवा आमच्या बोळातील एका घरी बारशाला गेलो होतो. पाळण्याच्या बाजूला भिंतीशी टेकून पणजी बसली होती. आत्याने कानात सांगितलेले नाव तिला नीट ऐकू आले नाही, म्हणून मुलीच्या बापाने महानगरपालिकेचा जन्मदाखला आणून तिला तो मोठ्याने वाचून दाखविला. मुलीचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव, आडनाव. पणजीने तो कागद हातात घेतला, आईच्या नावावर बोट ठेवले आणि विचारले, 'हे माहेरचे की सासरचे?' तिला सांगितले की हिचे लग्नात नाव बदललेच नव्हते, दोन्हीकडचे हेच. म्हातारी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने, जे नाव त्या घरात सत्तर वर्षांत कोणी उच्चारले नव्हते, ते आपले माहेरचे नाव हळूच सांगितले.